लिलावात नाणं लागलं, आता पैसे कशाने पाठवू? यूपीआय, कार्ड की सीओडी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे एका ग्रुपवरच्या ऑनलाइन लिलावात तुम्हाला पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया, ज्याला आपण सगळे पिग रुपी म्हणतो, तो साडेअकरा हजाराला लागलाय. विकणारा परराज्यातला आहे, त्याच्याशी आधी कधी व्यवहार झालेला नाही, आणि तो म्हणतोय आज रात्रीपर्यंत यूपीआय करा, उद्या सकाळी स्पीड पोस्ट टाकतो. तुम्ही विचारताय की यूपीआय सेफ आहे का, की बँक ट्रान्सफर करू, की सीओडी मागू, की पेपाल वापरू.

मी पुण्यात राहतो, वीसेक वर्षं नाणी घेतोय, त्यातली बरीचशी ऑनलाइन लिलावातून, आणि ओळखीतल्या नवीन संग्राहकांचे पैसे अडकले की बहुतेक वेळा फोन मला येतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, घाई असेल तरी आधी हे वाचा आणि मग पैसे पाठवा.

सगळ्यात आधी, यूपीआय सेफ आहे का हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. यूपीआय सेफ आहे, पैसे ज्या खात्याला पाठवाल त्याच खात्यात जातील, काही सेकंदात जातील, मध्ये कोणी पळवणार नाही. एनईएफटी, आयएमपीएस पण तसंच. प्रश्न असा आहे की समोरच्याने नाणं पाठवलंच नाही किंवा खोटं पाठवलं, तर ते पैसे माघारी आणायला कोण आहे आणि किती दिवसांपर्यंत आहे. पेमेंटचा कुठलाही प्रकार माझ्यासमोर आला की मी हे एकच बघतो, बाकी कॅशबॅक, चार्जेस, कुठलं ॲप हे सगळं नंतर.

या कसोटीवर यूपीआय म्हणजे हातात दिलेली रोकड. दिली की गेली. बरेच जण इथे चुकतात कारण त्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं की फ्रॉड झाला आणि तीन दिवसांत कळवलं तर बँक पैसे परत देते. तो रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम आहे आणि तो आहे अनधिकृत व्यवहारासाठी, म्हणजे तुमची चूक नसताना तिसऱ्याच कोणीतरी तुमच्या खात्यातून पैसे काढले तर. इथे पिन तुम्ही स्वतः टाकलेला असतो, नाव बघून टाकलेला असतो, त्यामुळे बँक म्हणणार की व्यवहार तुमच्या मर्जीने झाला, आणि तिच्या बाजूने ते बरोबरच आहे. विकणाऱ्याने फसवलं हा तुमचा आणि त्याचा वाद होतो.

पूर्वी हे असं नव्हतं. जुन्या लोकांना बाझी डॉट कॉम आठवत असेल, २००४ मध्ये ईबेने ती घेतली आणि मग ईबे इंडियावर पैसापे नावाची सोय होती. पैसे आधी ईबेकडे जायचे, विकणाऱ्याने माल पाठवल्यावर मगच त्याच्या खात्यात पडायचे, आणि काही गडबड झाली तर मध्ये तक्रार करायला जागा होती. मी माझी पहिली कच्छची कोरी, म्हणजे कच्छ संस्थानचं चांदीचं नाणं, अशीच घेतली, भुजच्या बाजूच्या एका माणसाकडून, ना ओळख ना पाळख, आणि मला जराही भीती वाटली नव्हती. १४ ऑगस्ट २०१८ ला ईबे इंडिया बंद झालं आणि आपल्यासारख्यांची लहान खरेदी-विक्री बरीचशी व्हॉट्सॲप आणि फेसबुकच्या ग्रुपांवर गेली. लिलाव तसाच राहिला, बिड तशाच राहिल्या, रात्री नऊचं क्लोजिंग तसंच राहिलं, फक्त मधला माणूस निघून गेला. आज जे घोटाळे होतात त्यातले बहुतेक त्या मोकळ्या जागेत होतात. म्हणून मी सगळ्यांना सांगतो की ॲप शोधू नका, मधला माणूस शोधा.

माझे स्वतःचे पैसे यातच गेलेत, तेही सांगतो, कारण त्यातून एक कामाची गोष्ट कळली. २०१९ मध्ये एका ग्रुपवर चार शिवरायांचा, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या शिवराई नाण्यांचा लॉट घेतला, सहा हजाराला, फोटो झकास होते, विकणारा गोड बोलायचा. यूपीआय केलं, दुसऱ्या दिवशी त्याने स्पीड पोस्टची पावती पाठवली, ट्रॅकिंग नंबर खरा होता, पाकीट पाचव्या दिवशी घरी आलं. आत पुठ्ठ्याचे दोन तुकडे आणि घडी घातलेला वर्तमानपत्राचा कागद. मी तक्रार करायला गेलो तर तो म्हणाला ट्रॅकिंग बघा, डिलिव्हर्ड दिसतंय, सही तुमचीच आहे. मग रात्री मी ती पावती परत काढून बघितली. पोस्टाच्या पावतीवर वजन छापलेलं असतं ना, तिथे होतं १५ ग्रॅम. एक शिवराई आठ-दहा ग्रॅमची, चार म्हणजे नुसतं तांबंच तीस-चाळीस ग्रॅम. माझ्याकडे पावती पाकीट यायच्या चार दिवस आधी आली होती आणि मी फक्त नंबर बघितला होता. तेव्हापासून पावतीचा फोटो आला की मी आधी वजन बघतो. वजन जुळलं नाही तर त्याच तासाला समोरच्याला, ग्रुप ॲडमिनला आणि बँकेला कळवतो, आणि पाकीट आलं की ते न फोडता आधी वजनकाट्यावर ठेवून सलग व्हिडिओ करत उघडतो.

आता तुम्ही विचारलेले पर्याय एकेक घेऊ.

पेपाल तुमच्या व्यवहारात बसतच नाही. पेपालने भारतातल्या भारतात पैसे देण्याची सोय १ एप्रिल २०२१ पासून बंद केलीय. त्यामुळे भारतातलाच विकणारा पेपालची लिंक पाठवत असेल तर ती लिंक उघडू पण नका. परदेशातून घेताना मात्र पेपाल चांगलं आहे, पैसे दिल्यापासून १८० दिवस वाद उभा करता येतो. ईबेच्या परदेशी साइटवर त्यांची स्वतःची गॅरंटी असते, तिथे माल मिळाल्यापासून किंवा मिळायची शेवटची तारीख उलटल्यापासून ३० दिवस मिळतात. पण ही गॅरंटी तुम्ही साइटच्या आत पैसे दिले तरच. विकणाऱ्याने मेसेज करून सांगितलं की बाहेर द्या, दहा टक्के कमी करतो, तर तो दहा टक्क्यांत तुमची सगळी गॅरंटी विकत घेतोय.

क्रेडिट कार्ड हे मला सगळ्यात जास्त भरवशाचं वाटतं, जिथे चालत असेल तिथे. कार्डावर चार्जबॅक असतो, म्हणजे माल आला नाही किंवा सांगितल्यापेक्षा वेगळा आला तर तुम्ही तुमच्या बँकेला लेखी कळवायचं, बँक कार्ड नेटवर्कतर्फे समोरच्या बँकेकडून पैसे मागते. साधारण १२० दिवसांची मुदत धरतात पण तुम्ही तेवढं थांबू नका, बँका त्यांच्याकडून आधी तारीख लावतात. मी एकदा युरोपातल्या एका विक्रेत्याकडून घेतलेला लॉट दोन महिने आला नव्हता, बँकेला लॉटचं पान, पैसे दिल्याची पावती, विक्रेत्याशी झालेले मेल आणि ट्रॅकिंग अडकल्याचा स्क्रीनशॉट असं चार पानांत दिलं, पैसे दीड महिन्यात परत आले. कागद नीट होते म्हणून आले, नुसतं भांडून नाही येत. आणि डेबिट कार्डावरही चार्जबॅक मागता येतो, पण तोपर्यंत तुमच्या खात्यातले खरे पैसे अडकलेले असतात, क्रेडिट कार्डात बँकेचे अडकतात, एवढा फरक.

कार्ड परदेशी साइटवर वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा. आपल्याकडे ओटीपी लागतो, बाहेरच्या बऱ्याच साइटवर लागत नाही, नंबर टाकला की पैसे कापले. त्यामुळे कार्डावरचं आंतरराष्ट्रीय वापराचं बटण एरवी बंद ठेवायचं, लिलाव जिंकलात की चालू करायचं, लिमिट तेवढ्याच रकमेचं लावायचं आणि पैसे गेले की परत बंद. हे बटण सगळ्या बँकांच्या ॲपमध्ये असतं, रिझर्व्ह बँकेनेच ते २०२० मध्ये सक्तीचं केलं. शिवाय बँक परकीय चलनाचा चार्ज लावते, साधारण दोन ते साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी, तो बिड लावतानाच हिशोबात धरा.

परदेशी खरेदीत अजून एक अडचण आहे जी फार कोणी सांगत नाही. नाणं खोटं निघालं तर साइट म्हणते परत पाठवा, मग पैसे देतो. आणि आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे, १०० वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे ते खोटं आहे हे आधी तुम्ही पटवायचं आणि मग पाठवायचं. म्हणून बाहेरून जुनं नाणं घेताना मी स्लॅबमधलंच, म्हणजे तपासून प्लास्टिकच्या डबीत सीलबंद केलेलंच घेतो, एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासणाऱ्या कंपन्यांचं, आणि सर्टिफिकेट नंबर त्यांच्या साइटवर टाकून फोटो जुळवूनच बिड लावतो. पेमेंटचा मार्ग कितीही चांगला असला तरी परतीचा रस्ता असा अडला तर त्याचा उपयोग अर्धाच.

सीओडीबद्दल लोकांचा फार गैरसमज आहे. घरी आल्यावर पैसे देणार म्हणजे बघून देणार असं वाटतं, पण तसं नसतं, पैसे आधी आणि पाकीट नंतर उघडायचं. पूर्वी व्हीपीपी असायची तशीच गत. माझे वडील पुस्तकं व्हीपीपीने मागवायचे, पोस्टमनला पैसे दिल्याशिवाय तो पार्सल हातात द्यायचा नाही, पण तिथे पाठवणारा माहितीतला प्रकाशक असायचा म्हणून काळजी नव्हती. अनोळखी माणसाच्या सीओडीने एवढंच होतं की काहीतरी पाकीट नक्की येतं. आत काय आहे याची खात्री त्याने होत नाही, वरच्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांसारखंच.

बँक ट्रान्सफर, म्हणजे एनईएफटी किंवा आरटीजीएस, हे मी नावाजलेल्या लिलाव कंपन्यांना बिनधास्त करतो. मुंबईत टोडीवाला आहेत, ओसवाल आहेत, बेंगळुरूला मरुधर आर्ट्स आहे, अहमदाबादला क्लासिकल न्यूमिस्मॅटिक गॅलरी आहे. यांचं ऑफिस असतं, छापील कॅटलॉग असतो, पुरावस्तू विकायला लायसन लागतं ते असतं, बिल असतं. इथे मधला माणूस नाही पण त्यांची पत हीच हमी आहे, एका रुपयासाठी ते ती घालवणार नाहीत. मात्र इथे दोन गोष्टी बघायच्या. एक, लिलावात हातोडा पडला ती किंमत शेवटची नसते, त्यावर बायर्स प्रीमियम (घेणाऱ्याकडून लिलाव कंपनी घेते ती टक्केवारी), त्याचा जीएसटी, पाठवण्याचा खर्च हे सगळं चढतं, त्यामुळे नियमांचं पान बिड लावायच्या आधी वाचा. दुसरी जास्त महत्त्वाची, बिलाचा मेल आला आणि त्यात लिहिलेलं असलं की आमचा खाते नंबर बदललाय, तर पैसे पाठवायचे नाहीत. कॅटलॉगवर छापलेल्या नंबरावर फोन करून विचारायचं, मेलमधल्या नंबरावर नाही. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएसला पण खातेदाराचं नाव आधी दिसायची सोय आलीय, ते नाव कंपनीचंच आहे ना हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तर आत्तापर्यंतचं म्हणजे, कार्ड आणि साइटच्या आतलं पेमेंट यात परत यायची वाट असते, बँक ट्रान्सफर आणि यूपीआयमध्ये नसते, आणि सीओडीत असल्यासारखी वाटते. आता तुमच्याकडे येतो, कारण तुमचा विकणारा खाजगी माणूस आहे, त्याच्याकडे कार्डाचं मशीन नाही, शेवटी फिरून यूपीआयच राहतं.

तो घाई करतोय म्हणून तो फसवाच असेल असं मी म्हणणार नाही. ग्रुपवर बिड लावून गायब होणारे पण खूप असतात, त्यामुळे २४ तासांत पेमेंट हा बहुतेक ग्रुपांचा नियमच आहे आणि तो रास्त आहे. पण घाई त्याला असली तरी चार गोष्टी दाखवायला त्याला पंधरा मिनिटं पण लागत नाहीत. त्याला सांगा, नाण्याचा एक नवीन व्हिडिओ कर, शेजारी कागदावर आजची तारीख आणि माझं नाव लिही, नाणं काट्यावर ठेव, दोन्ही बाजू आणि कड फिरवून दाखव. नाणं खरंच त्याच्या हातात आहे का हे यातून कळतं, इंटरनेटवरून उचललेल्या फोटोवाल्याला हे जमत नाही. चांदीचा तो रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि साधारण साडेतीस मिलिमीटरचा असतो, झिजलेला असेल तर थोडा कमी भरेल, पण ओतीव खोटा रुपया बऱ्याचदा वजनातच पकडला जातो.

आणि हत्ती बघा. राजाच्या झग्यावर, छातीच्या खाली जो हत्ती आहे, १९११ च्या रुपयावर त्याची सोंड आखूड आणि पाय असे काही कोरलेत की तो डुकरासारखा दिसतो, त्यावरूनच ते नाव पडलं. लोक नाराज झाले म्हणून पाडलेल्या सुमारे ९४ लाखांपैकी बहुतेक नाणी वितळवली, बाजारात सुमारे सात लाखच गेली होती, आणि १९१२ पासून सोंड नीट लांब केली. त्यामुळे कोणी १९१२ मधला शेवटचा दोन खरवडून एक केला असेल तर आकडा फसवेल पण हत्ती फसवणार नाही. त्या हत्तीचा जवळून, तिरक्या उजेडातला फोटो मागा.

मग ग्रुपच्या ॲडमिनला विचारा. बऱ्याच चांगल्या ग्रुपांत ॲडमिन किंवा एखादा जुना डीलर पैसे आपल्याकडे धरून ठेवतो, नाणं पोचलं की सोडतो, शे-दोनशे रुपये घेतो किंवा घेतही नाही. हीच आजची पैसापे. पण तो ॲडमिन खरा आहे ना, तेही बघा, विकणाऱ्याने दिलेल्या नंबरावर नको, ग्रुपमधून तुम्ही स्वतः काढलेल्या नंबरावर बोला. इंटरनेटवर एस्क्रोच्या, म्हणजे असे मध्ये पैसे धरून ठेवणाऱ्या सेवेच्या नावाने बनवलेल्या नकली साइट भरपूर आहेत, विकणाऱ्याने सुचवलेली एस्क्रो साइट मी कधीच वापरत नाही.

ॲडमिन तयार नसेल तर विकणाऱ्याकडून आधी घेतलेल्या दोन जणांची नावं मागा आणि त्यांना फोन लावा, मेसेज नको, फोन, आवाज ऐकला की पुष्कळ कळतं. त्याच्या गावात तुमचं कोणी ओळखीचं असेल तर हातोहात घ्यायला सांगा. आणि हे काहीच जमत नसेल तर रक्कम तोडा, अर्धे आता, अर्धे पोस्टाच्या पावतीवर वजन दिसल्यावर. खरा विकणारा बहुतेक वेळा याला तयार होतो, निदान भांडत तरी नाही. पहिल्यांदा एक रुपया पाठवून बघितलात तर बँकेतलं नाव कळेल, ते नाव आणि त्याच्या प्रोफाइलचं नाव जुळत नसेल तर का ते विचारा. पण एक रुपया बरोबर गेला म्हणजे माणूस खरा असं नाही, फक्त नाव खरं.

यात किती धोका घ्यायचा हे तुमच्या खिशावर आहे, ते मी नाही ठरवू शकत. माझा स्वतःचा आकडा अनोळखी माणसासाठी दोन हजार आहे, त्याच्या वर मी मधल्या माणसाशिवाय सरळ यूपीआय करत नाही, नाणं कितीही आवडलेलं असो. पगारातून महिन्याला थोडं थोडं बाजूला टाकून घेणाऱ्याने हा आकडा अजून खाली ठेवावा. आणि लिलावाच्या रात्री मनाची जी अवस्था असते ना, जिंकल्याची, त्या अवस्थेत पैसे पाठवूच नयेत असं माझं मत झालंय.

पैसे पाठवल्यावर पण सावध राहा. विकणारा म्हणाला पैसे चुकून दोनदा आले, हा क्यूआर स्कॅन करा, परत करतो, तर लक्षात घ्या की पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. तसंच तुम्ही एखादा लॉट हरलात आणि दुसऱ्या दिवशी कोणी खाजगीत मेसेज केला की जिंकणारा मागे हटला, तुमच्या बिडला देतो, तर तो खरा विकणाराच आहे का हे ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर विचारा. हारलेल्यांची यादी ग्रुपवर सगळ्यांना दिसत असते, ती फसवणाऱ्यांना पण दिसते.

आणि समजा फसलातच, तर लाज बाळगून दोन दिवस घालवू नका, सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं. ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, यूपीआयचा व्यवहार क्रमांक हाताशी ठेवून. पहिल्या काही तासांत कळवलं तर समोरच्या खात्यात पडून असलेले पैसे गोठवता येतात, एकदा तिथून पुढे काढले की मग फार अवघड. त्याच दिवशी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर लेखी तक्रार आणि तुमच्या बँकेत अर्ज, त्याची पोच घ्या. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही आणि वकील लागत नाही. लिलावाच्या पोस्टचा, बिडचा, फोटोंचा स्क्रीनशॉट मात्र आजच काढून ठेवा, कारण गडबड झाली की ती पोस्ट पहिली डिलीट होते.

तुम्ही आत्ता त्याला एवढंच लिहा, "दादा, नाणं मला हवंच आहे, पैसे तयार आहेत, फक्त तारखेचा कागद ठेवून काट्यावरचा व्हिडिओ आणि हत्तीचा जवळून फोटो पाठवा, बघून लगेच करतो." तो काय म्हणतो ते बघा. व्हिडिओ आला तर वजन आणि हत्तीचा फोटो मला पाठवा, मी रात्री अकरापर्यंत जागा आहे, सोंड बघून सांगतो.